रिसीव्हरला स्पीकर जुळवताना: ओहम, डेसिबल आणि एक साधा मल्टिमीटर

सिनेमातला पहिला स्फोट झाला, होम थिएटरच्या रिसीव्हरमधून (स्पीकरना शक्ती देणाऱ्या डब्यातून) 'टक्' असा आवाज आला आणि खोली एकदम गप्प. डिस्प्लेवर 'प्रोटेक्ट' ही अक्षरं लुकलुकत होती. रिसीव्हर बंद करून परत चालू केला. संवाद नीट ऐकू यायला लागले, म्हणून सोडून दिलं. पुढचा स्फोट, परत 'टक्'. तासभर मी वायरी हलवल्या, रिमोटवरची सगळी बटणं दाबून पाहिली आणि रिसीव्हरच खराब निघाला असं ठरवून मोकळा झालो.

खराब काहीच नव्हतं. मागच्या बाजूला स्पीकरचे दोन जोड लावायची हौस होती आणि चॅनेल मात्र एकाच जोडापुरते होते. म्हणून प्रत्येक टर्मिनलवर दोन-दोन स्पीकर समांतर बसवले होते. जुने स्पीकर होते, त्यांच्यावरचा स्टिकर कधीच निघून गेला होता. शेवटी मल्टिमीटर लावला तर टर्मिनलवर १.७ ओहम! रिसीव्हर बिचारा स्वतःचा जीव वाचवत होता.

तेव्हापासून मी 'मॅचिंग' हा शब्द जपून वापरतो. त्या शब्दामुळे वाटतं की रिसीव्हरवर ८ लिहिलंय तर स्पीकरवरही ८ च हवं, की झाली जुळणी. तसं नसतं. आजच्या रिसीव्हरचा आतला इम्पीडन्स (एसी करंटला होणारा विरोध, तो ओहममध्ये मोजतात) ओहमच्या एखाद्या लहानशा अंशाइतका असतो, त्याची स्पीकरच्या ८ ओहमशी बरोबरी करायचीच नसते. (व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरला ४, ८, १६ असे वेगवेगळे टॅप असतात, तो प्रकार निराळा.) रिसीव्हर व्होल्ट देतो आणि त्या व्होल्टवर किती करंट ओढायचा हे स्पीकर ठरवतो. म्हणून प्रश्न दोन आहेत. मला हवा तेवढा आवाज यायला किती व्होल्ट लागतील? याचं उत्तर सेन्सिटिव्हिटीत आहे, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर स्पीकर किती आवाज देतो त्यात. आणि तेवढ्या व्होल्टला स्पीकर किती करंट ओढेल? याचं उत्तर इम्पीडन्समध्ये. हे दोन प्रश्न एकात मिसळले की घोळ सुरू होतो.

१. आधी रिसीव्हरची पाठ वाचा

स्पीकर टर्मिनलच्या शेजारी बारीक अक्षरात '६ ते १६ ओहम' किंवा '४ ते १६ ओहम' असं छापलेलं असतं. यातला खालचा आकडा महत्त्वाचा. वरच्याची काळजी नको. इम्पीडन्स जास्त असेल तर करंट कमी जातो, आवाज थोडा कमी मिळतो, बिघडत काही नाही.

'ए' आणि 'बी' असे दोन जोड असतील तर मॅन्युअलमध्ये त्याची अट वेगळी दिलेली असते, ती जरूर पाहा. बहुतेक रिसीव्हरमध्ये दोन्ही चालू केले की ते आतून समांतर जोडले जातात. ८ आणि ८ समांतर म्हणजे ४. ४ आणि ४ समांतर म्हणजे २, आणि २ ओहमवर चालणारा घरगुती रिसीव्हर मी तरी पाहिलेला नाही.

२. स्पीकरवरचा '८ ओहम' किती खरा?

इम्पीडन्स हा एकच आकडा नसतो. वारंवारतेनुसार तो वरखाली होत राहतो. ज्या स्पीकरवर ८ लिहिलंय तो बासमध्ये कुठेतरी ३० ओहमवर चढेल, १५० हर्ट्झच्या आसपास ५ किंवा ६ वर येईल आणि क्रॉसओव्हरच्या (वूफर आणि ट्वीटर, म्हणजे खालच्या आणि वरच्या आवाजाचे भाग, यांच्यात काम वाटलं जातं त्या वारंवारतेच्या) जवळ परत वर जाईल. लेबलवरचा आकडा म्हणजे या सगळ्या चढउताराला दिलेलं एक ढोबळ नाव.

आयईसी या विद्युत उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाप्रमाणे सर्वांत कमी इम्पीडन्स हा लेबलवरच्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये. म्हणजे ८ ओहमचा स्पीकर ६.४ च्या खाली आणि ४ ओहमचा ३.२ च्या खाली उतरू नये. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात '८ ओहम' आणि शेजारीच 'किमान ३.८ ओहम' असं लिहिलेले स्पेसिफिकेशनही सापडतात. अशा वेळी 'किमान' लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवा आणि तो स्पीकर ४ ओहमचाच समजा. लेबलवर नुसतंच '४ ते ८ ओहम' किंवा '८ ओहम कम्पॅटिबल' असं मोघम काही असेल, तर त्याचा अर्थ मी ४ असाच घेतो.

लेबल नसेल तर साधा मल्टिमीटर काढा. रिसीव्हर बंद करून स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवा, मीटर ओहमवर लावा आणि आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. माझ्या मीटरवर तेव्हा ०.३ दिसतं, तो प्रोबच्या वायरींचा रोध. मग प्रोब स्पीकरच्या टर्मिनलवर ठेवा. आकडा आधी थोडा थरथरतो, कारण वूफरचा कोन हलत असतो आणि त्या हलण्याने कॉइलमध्ये व्होल्टेज तयार होतं. कोन स्थिर झाला की मला ३.७ दिसलं. त्यातून ०.३ वजा केले की ३.४. हा नुसता डीसी रोध आहे, इम्पीडन्स नव्हे, पण त्यावरून अंदाज बांधता येतो: ३ ते ३.६ आलं तर ४ ओहमचा स्पीकर, साडेचार-पाचच्या आसपास आलं तर ६ चा, साडेपाच ते पावणेसात आलं तर ८ चा. माझ्या त्या स्टिकर गेलेल्या स्पीकरचं कोडं असं सुटलं. ३.४ चे दोन समांतर म्हणजे १.७.

एक धोका सांगून ठेवतो. डबाबंद होम थिएटर संचातून निघालेले छोटे स्पीकर नव्या रिसीव्हरला जोडायचा मोह होतो. त्यातले बरेच ३ किंवा ४ ओहमचे असतात, कारण ते त्यांच्या स्वतःच्या अँप्लिफायरसाठीच बनवलेले असतात. मीटर लावल्याशिवाय ते जोडू नका.

आणि इम्पीडन्स 'वाढवायला' मालिकेत (स्पीकरच्या वायरीतच, एकापाठोपाठ) रेझिस्टर टाकायचा सल्ला कुणी दिला तर हसून सोडून द्या. निम्मी शक्ती त्या रेझिस्टरच्या उष्णतेत जाईल, आणि स्पीकरचा इम्पीडन्स वरखाली होत असल्यामुळे आवाजाचा तोलही बिघडेल.

३. सेन्सिटिव्हिटीचा आकडा वाचायची युक्ती

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते. ती दोन प्रकारे लिहितात: '१ वॉट, १ मीटर' किंवा '२.८३ व्होल्ट, १ मीटर'. ८ ओहमच्या स्पीकरला दोन्ही सारखंच, कारण २.८३ व्होल्ट ८ ओहमवर बरोबर १ वॉट होतात. ४ ओहमवर मात्र तेच २.८३ व्होल्ट २ वॉट होतात. म्हणजे त्या स्पीकरला ३ डेसिबल आयतेच मिळाले.

म्हणून समोर दोन स्पीकर असतील, एक '८६ डेसिबल, २.८३ व्होल्ट, ८ ओहम' आणि दुसरा '८९ डेसिबल, २.८३ व्होल्ट, ४ ओहम', तर दुसरा जास्त कार्यक्षम आहे असं समजू नका. एका वॉटला दोघंही ८६ च देतात. दुसरा नॉबच्या त्याच जागेवर जास्त जोरात वाजेल, पण त्यासाठी रिसीव्हरकडून दुप्पट शक्ती ओढून.

आणखी एक बारकावा: हा आकडा प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत मोजलाय की साध्या खोलीत? साध्या खोलीत भिंती भर घालतात, म्हणून तिथला आकडा फुगलेला असतो. लहानसा बुकशेल्फ स्पीकर ९२ डेसिबल सांगत असेल तर मी मनातल्या मनात ३ कापतो. लहान पेटी, खोल बास आणि मोठी सेन्सिटिव्हिटी हे तिन्ही एकत्र मिळत नाहीत. एकाला तरी मुरड घालावीच लागते.

४. आता हिशोब

नियम तीनच. व्होल्ट दुप्पट केले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. वॉट दुप्पट केले की ३ ने. आणि अंतर दुप्पट केलं की उघड्यावर ६ डेसिबल कमी होतात. खोलीत भिंतींमुळे घट त्याहून कमी असते. मी २ मीटरला ४, ३ मीटरला ७ आणि ४ मीटरला ९ डेसिबल धरतो. हा अंदाजच आहे, पण कामापुरता पुरतो.

आता ध्येय. चित्रपटगृहाच्या रेफरन्स पातळीला मुख्य चॅनेलचे क्षणिक कळस बसायच्या जागी १०५ डेसिबलपर्यंत जातात. मायक्रोफोनने कॅलिब्रेशन केलेल्या (प्रत्येक स्पीकरची पातळी मोजून जुळवलेल्या) रिसीव्हरवर ० डेसिबल म्हणजे साधारण ही पातळी. घरी कुणी तिथवर जात नाही. उणे ८ सुद्धा चांगलाच दणदणीत आवाज आहे, म्हणजे कळस ९७ डेसिबल.

समजा स्पीकर ८६ डेसिबलचा आहे आणि तुम्ही ३ मीटरवर बसता. २.८३ व्होल्टला तुमच्या कानाशी ८६ वजा ७, म्हणजे ७९ डेसिबल पोचतात. हवेत ९७. फरक १८ डेसिबल, म्हणजे व्होल्ट तीनदा दुप्पट करायचे: ५.६६, ११.३, २२.६. स्पीकर ८ ओहमचा असेल तर २२.६ व्होल्ट म्हणजे ६४ वॉट आणि २.८ अँपिअर. ४ ओहमचा असेल तर १२८ वॉट आणि ५.६ अँपिअरहून थोडं जास्त.

याच खोलीत ९२ डेसिबलचा, ८ ओहमचा स्पीकर ठेवला तर? फक्त १२ डेसिबल वाढवायचे, ११.३ व्होल्ट, १६ वॉट. सेन्सिटिव्हिटीच्या ६ डेसिबलनी रिसीव्हरचं काम एक चतुर्थांशावर आणलं. उलट ८६ च्याच स्पीकरवर पूर्ण १०५ हवे असतील तर ५६ व्होल्टच्या वर जावं लागेल, म्हणजे ८ ओहमवर ४०० वॉट. हा आकडा पाहिला की कळतं, १०० वॉटच्या ऐवजी १२० वॉटचा रिसीव्हर घेण्यात काही अर्थ नाही. त्या २० वॉटने एक डेसिबलसुद्धा वाढत नाही. तेच पैसे ३ डेसिबल जास्त सेन्सिटिव्ह स्पीकरवर घालवा.

गंमत म्हणजे त्याच ८६ च्या स्पीकरवर साधा संवाद ६५ डेसिबलने ऐकायला अर्ध्या व्होल्टच्या आसपास, म्हणजे एका वॉटचा पंचविसावा भाग लागतो. मोठे वॉट फक्त त्या क्षणिक कळसांसाठी असतात. माझ्या रिसीव्हरने संवाद व्यवस्थित ऐकवले आणि स्फोटालाच मान टाकली, ती याचमुळे.

५. रिसीव्हरचे वॉट तपासून घ्या

खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा विसरा. '१७० वॉट' च्या पुढे बारीक अक्षरात ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाजातली विकृती), एकच चॅनेल, असं असेल तर तो जाहिरातीचा आकडा. तुम्हाला हवी ती ओळ अशी असते: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू, डिस्टॉर्शन ०.०८ टक्क्याच्या घरात. तिथे १०० वॉट लिहिलेले असतील तर रिसीव्हरकडे २८.३ व्होल्ट आहेत. वरच्या उदाहरणातले २२.६ त्यात बसतात, थोडे हातचे राखूनही.

सातही चॅनेल एकदम चालवले तर प्रत्येकाच्या वाट्याला हे १०० येत नाहीत, कारण वीजपुरवठा सगळ्यांचा एकच. पण सातही चॅनेलवर एकाच वेळी पूर्ण कळस येणं सिनेमात क्वचितच घडतं, त्यामुळे मी याचा फार बाऊ करत नाही. ४ ओहमचे स्पीकर असतील तर मात्र करतो. वजन हा जुना पण भरवशाचा संकेत आहे: एकाच प्रकारच्या दोन रिसीव्हरमध्ये जड असेल त्यात सहसा ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक मोठे असतात.

४ ओहमवर रिसीव्हर का तापतो? क्लास एबी या प्रकारच्या अँप्लिफायरमध्ये पुरवठ्याचे जे व्होल्ट स्पीकरला मिळत नाहीत ते आउटपुट ट्रान्झिस्टरवर पडतात, आणि तोच करंट त्यांच्यातूनही वाहतो. करंट दुप्पट म्हणजे तिथली उष्णताही दुप्पट.

६. ती '४ ओहम / ८ ओहम' सेटिंग

मेनूत किंवा मागच्या बाजूला ही सेटिंग असते आणि तिच्यामुळे 'जुळणी' होते असा समज आहे. होतं इतकंच की आतले पुरवठ्याचे व्होल्ट किंवा करंटची मर्यादा खाली आणली जाते, म्हणजे रिसीव्हर तापत नाही. त्या बदल्यात कळसांना लागणारे व्होल्टच कापले जातात आणि आवाज लवकर फाटतो.

माझं मत: ८ आणि ६ ओहमच्या स्पीकरला ती ८ वरच ठेवा. ४ ओहमचे असतील तर मॅन्युअल काय म्हणतं ते पाळा, विशेषतः वॉरंटी चालू असताना. आणि ती सेटिंग लावल्यावर मोठ्या आवाजात कर्कशपणा जाणवला तर नॉब मागे घ्या. फाटलेला आवाज ट्वीटर जाळतो. लहान अँप्लिफायर ताणून वाजवण्याने जळालेले ट्वीटर कमी नसतात.

७. बास सबवूफरकडे द्या

सगळ्या उपायांत स्वस्त हा. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर 'स्मॉल' करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झवर ठेवा, स्पीकर उंच आणि भारदस्त दिसत असले तरी. 'स्मॉल' या शब्दाने अनेकांचा अभिमान दुखावतो, पण त्याचा अर्थ इतकाच की ८० च्या खालचं काम सबवूफरकडे जातं, आणि सबवूफरला स्वतःचा अँप्लिफायर असतो. बासला सर्वाधिक व्होल्ट लागतात, आणि काही स्पीकरचा सर्वांत अवघड इम्पीडन्सही त्याच पट्ट्यात असतो. ते ओझं उतरलं की ४ ओहमचा स्पीकरही मध्यम रिसीव्हरवर सुखाने चालतो.

कॅलिब्रेशन झाल्यावर प्रत्येक चॅनेलची पातळी उघडून पाहा. सेंटरला (मधल्या स्पीकरला) अधिक ६ डेसिबल दिले असतील तर तो पुढच्या स्पीकरपेक्षा चौपट शक्ती खाणार, आणि संवाद तर त्याच्याकडेच असतात. आकडा मर्यादेला टेकला असेल तर सेंटरची सेन्सिटिव्हिटी कमी पडते आहे. मागचे स्पीकर बहुधा जवळ असतात आणि त्यांना काम कमी असतं, तिथे थोडी तफावत चालते.

८. वायर

वायरचा जाऊन-येऊन रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांत राहावा. १० मीटर लांबीला १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर ०.२३ ओहम होते: ८ ओहमला ठीक, ४ ओहमला नाही, तिथे २.५ घ्या. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनियमची वायर असेल तर एक माप जाड घ्या. टोकं सोलताना एकही तार बाहेर राहू देऊ नका. शेजारच्या टर्मिनलला टेकलेली केसाएवढी तारसुद्धा 'प्रोटेक्ट' आणते.

९. अंदाज सोडा, मोजा

हा माझा आवडता भाग. नेहमीचा सिनेमा लावा आणि घरच्यांनी 'आवाज कमी करा' म्हणण्याच्या जरा आधीची जागा नोंदवा. माझी उणे १७ निघाली. आता रिसीव्हर बंद करून पुढच्या डाव्या स्पीकरच्या वायरी रिसीव्हरकडून सोडवा. बाकीचे स्पीकरही सोडवा, नाहीतर कान किटतील. उणे १२ डेसिबल पातळीचा (पूर्ण पातळीपेक्षा १२ ने खाली रेकॉर्ड केलेला) २०० हर्ट्झचा टोन त्याच उपकरणावरून लावा, व्हॉल्यूम उणे १७ वर आणा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून डाव्या टर्मिनलवर लावा. दोन प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका. ट्रान्झिस्टरचा रिसीव्हर असा बिनस्पीकरचा थोडा वेळ चालवायला हरकत नाही, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरवर मात्र हा प्रयोग अजिबात करू नका.

मला २.१ व्होल्ट दिसले. १२ डेसिबल म्हणजे चौपट, तेव्हा पूर्ण कळसाला ८.४ व्होल्ट. ८ ओहमवर जेमतेम ९ वॉट! ४ ओहमचे स्पीकर असते तरी १८ च्या आत. माझ्याकडचा रिसीव्हर २८ व्होल्ट देऊ शकतो, आणि मी वर्षभर वेगळा पॉवर अँप्लिफायर घ्यायचा विचार करत होतो.

तुमचा आकडा २५ व्होल्टच्या वर आला, किंवा स्पीकर ४ ओहमचे असून १५ च्या पुढे गेला, तर मात्र प्री-आउट (बाहेरच्या अँप्लिफायरला सिग्नल द्यायची जागा) असलेला रिसीव्हर आणि पुढच्या तीन चॅनेलांना वेगळा अँप्लिफायर हा विचार रास्त आहे. एकाच रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलांनी बाय-अँपिंग करून (एका स्पीकरला दोन चॅनेल जोडून) हे साधत नाही, कारण वीजपुरवठा तोच राहतो.

शेवटी पूर्ण सिनेमा नेहमीच्या आवाजात चालवा आणि संपल्यावर रिसीव्हरच्या जाळीवर तळहात ठेवा. गरम लागणारच. पाच-सहा सेकंद हात ठेवता आला तर ठीक. चटका बसून हात उचलावा लागला तर वर किमान १० सेंटिमीटर मोकळी जागा आहे का पाहा, कपाटाचं दार उघडं ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा परत लावून पुन्हा हात ठेवा.